रुख्मिणीचं समीकरण

परभणी
१४ जून १९८७

प्रिय रुख्मिणी,

सप्रेम नमस्कार. तू, दिनकरराव आणि सासूबाई खुशाल असाल असं धरून लिहायला बसले आहे. आमच्याकडं सगळं बरं आहे. दादांना आता पूर्णेच्या गँगवर घातलंय, त्यामुळं रोज चुडाव्याहून गाडीनं जाणं-येणं. रुळावरचं काम तेच, फक्त मुकादम नवा आहे आणि दादांच्या मते तो बोलतो जास्त आणि बघतो कमी.

आई गेल्या आठवड्यात परभणीला आली होती. तिला मी लॅब दाखवायला नेलं. मायक्रोस्कोपला डोळा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "निस्ते ठिपके हायत की ह्ये. तीन सालं झाले, तू ह्येच बघायलीस?" मी म्हटलं, आई, हे ठिपके एकमेकांशी बोलतात. तर म्हणते कशी, "बोलतेत तर तुझ्या लग्नाचं इचार म्हणं त्यायला." मागं पाथरीकर सर उभे होते. ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नंतर मला म्हणाले, तुझ्या आईला विभागाच्या बैठकीला बोलवायला पाहिजे.

संक्रांतीनंतर मी तुला लिहिलं नाही. कामाचा रेटा होता. त्या दिवशी मला बस गाठायची होती, म्हणून आपलं धड बोलणंही झालं नाही. ते असो.

मोठी बातमी अशी की सांख्यिकी विभागात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एक थंड खोली केली आहे. चपला बाहेर काढून, पाय पुसून आत जायचं. बाहेर बेचाळीस डिग्री आणि आत अंगावर काटा. मला आठवड्यातून दोनदा त्याच्यापुढं बसायला मिळतं. पहिल्या दिवशी मी काय केलं असेल सांग. तुझी दोन समीकरणं त्यात घातली. तू कॅल्क्युलेटर घेऊन एकेक पायरी चढत दिवसच्या दिवस जे काढायचीस, ते त्यानं चहा गार व्हायच्या आत काढून दिलं. आणि उत्तर तुझंच आलं. तेच, दुसऱ्या दशांशापर्यंत. कागद हातात घेऊन मी धावत बाहेर आले आणि व्हरांड्यात थांबले. सांगायला कुणी नव्हतं.

मला आपला स्टेशनवरचा बाक आठवला. माझी गाडी लेट असायची आणि तू घरी जायची सोडून थांबायचीस. तिथंच मी तुला पहिल्यांदा या पेशींबद्दल सांगितलं. मातीत सुट्या सुट्या राहतात, बॅक्टेरिया खातात, कुणाचं कुणाशी देणंघेणं नाही. खाणं संपलं की मग एखादी पेशी हाक मारते. हाक म्हणजे एक रसायन, आजूबाजूला पसरणारं. शेजारणीला ती ऐकू जाते, ती हाकेच्या दिशेनं सरकते आणि स्वतःही तशीच हाक मारते. असं करत हजारो पेशी एका जागी गोळा होतात. तू शेंगा खात होतीस. बाकावर टरफलं मांडून तू विचारलंस, "मग पहिलीची हाक दुसरीला, दुसरीची परत पहिलीला. हा गोंधळ थांबतो कसा?" मी म्हटलं, हाक मारली की पेशी थोडा वेळ बहिरी होते. शिवाय हाक पुसून टाकणारा एक रसही त्या सोडतात. पुसली गेली की कान पुन्हा उघडतात आणि पुढची हाक ऐकू येते. म्हणून वरून बघितलं तर एकामागून एक लाटा दिसतात, पाण्यात खडा टाकल्यासारख्या.

तू टरफलं तशीच सोडलीस आणि म्हणालीस, "पंचफुले, हे माझं आहे. हे गणित आहे." बाहेर किती हाक आहे त्याचं एक समीकरण, पेशीचे किती कान उघडे आहेत त्याचं दुसरं. हाक किती वेगानं पुसली जाते आणि कान किती वेगानं बंद होतात ते मी मोजून दिलं. कान किती वेगानं उघडतात ते तू अंदाजानं धरलंस. त्यातून तू दोन लाटांमधलं अंतर काढलंस आणि मी घड्याळ लावून मायक्रोस्कोपपाशी बसले. लाट आली, तू म्हणाली होतीस तेव्हाच आली. पुढचीही. त्या दिवशी आपण दोघी गांधी पार्कपर्यंत पायी गेलो होतो आणि तू मध्येच हसत होतीस.

आता अडचण सांगते. हाक थोडाच वेळ दिली तर तुझं समीकरण अजूनही बरोबर येतं. पण मी एक नवा प्रयोग केला. पाण्यात ते रसायन घालून हाक पुष्कळ वेळ चालू ठेवली, मग पेशी धुऊन घेतल्या आणि कान कधी उघडतात ते बघितलं. तुझ्या हिशेबानं ते नेहमीच्याच वेळात उघडायला हवेत. उघडत नाहीत. कितीतरी उशिरा उघडतात. प्रयोग चुकला म्हणून मी पुन्हा पुन्हा केला. पाणी बदललं, मीठ बदललं. प्रयोग चुकत नाही. आपल्या समीकरणात काहीतरी धरायचं राहिलंय. मी स्वतः एखादी संख्या बदलून बघते, तर एक बाजू जुळते आणि दुसरी सुटते. आखूड पांघरुणासारखं झालंय.

तुला फुरसत मिळेल तेव्हा विचार कर. फक्त काय वाटतं ते लिही. कार्डावर लिहिलंस तरी चालेल.

तुझीच,
पंचफुला


परभणी
५ जुलै १९८७

प्रिय रुख्मिणी,

तुझं उत्तर नाही. टपाल हरवलं असेल असं मी पंधरा दिवस धरून चालले. आता तसं धरत नाही.

हे पत्र दिनकरराव पोस्टातून आणतील आणि कदाचित आधी तेच वाचतील. वाचू देत. त्यांना माहीत नाही असं यात काही नसेल.

आधी कामाचं सांगते. ऑगस्टच्या अखेरीला पुण्यात एक परिषद आहे. सरांनी आपलं काम तिथं पाठवलं आणि ते घेतलं गेलं. मला बोलवलंय. आमच्या घरातलं कुणी दादांच्या रेल्वेच्या पासावर मनमाडच्या पुढं गेलेलं नाही. दादांनी गँगमधल्या सगळ्यांना सांगून टाकलंय की लेक पुण्याला भाषण करायला निघाली. कसलं भाषण म्हणून कुणी विचारलं तर सांगतात, "मातीतल्या जीवायचं हाय. लय बारीक काम हाय त्ये."

सर मात्र म्हणाले, "प्रयोगाचं तू सांगशील. गणितावर प्रश्न विचारले तर उत्तर कोण देणार?" मी तुझं नाव घेतलं. सर म्हणाले, "मुलगी हुशार आहे, मला मान्य आहे. पण लग्न होऊन वर्ष झालं, तिचं एक ओळीचं पत्र नाही. ती येणार आहे का?" मला हो म्हणता आलं नाही.

सांख्यिकीत भुजंगराव म्हणून एक लेक्चरर आहेत. सरळ माणूस आहे, मला कॉम्प्युटर त्यांनीच शिकवला. तुझी समीकरणं बघून ते म्हणाले, "कोणी लिहिलंय हे? हात साफ आहे." सरांचं म्हणणं आहे की पुढचं गणित भुजंगरावांनी करावं, तेच पुण्याला येतील, आणि निबंधावर गणिताकडून नावही त्यांचंच राहील. तळाला तुझे आभार मानता येतील. यात सरांचं काही वाईट नाही, उभं राहून उत्तर देणारं माणूस लागतंच. महिनाअखेरपर्यंत मला काय ते सांगायचं आहे.

आभार. रुख्मे, तळाला, बारीक अक्षरात.

मागच्या पत्रात मी लिहिलं की संक्रांतीला मला बस गाठायची होती. तसं नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. तुला असलं काही लिहायचं नाही असं मनात होतं, पण हे लिहिल्याशिवाय पुढं काही लिहिताच येईना.

तुझी पहिली संक्रांत होती. काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने, पाटावर बसली होतीस. मी दारात आले तशा सासूबाई म्हणाल्या, "या, या, देशमुखांच्या लेकी, अशा वर बसा." मी तुझ्याकडं बघितलं. तू त्यांना काय सांगून ठेवलं होतंस ते मला तेव्हा कळलं. तुझ्या डोळ्यांत एवढी विनवणी होती की मी वर बसले. मग हळदीकुंकवाचं ताट आलं. आमच्या घरात छप्पन सालानंतर कुणाच्या कपाळाला कुंकू लागलेलं नाही. आजीनं सोडलं, आईनं तर लग्नातसुद्धा लावलं नाही. मी तुझ्यासाठी कपाळ पुढं केलं. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

आणि मग उसाची मोळी घेऊन दत्तराव काका अंगणात आले. दादांचे मावसभाऊ. ते तुमच्या शेतावर सालानं कामाला आहेत हे मला कुठं माहीत होतं? मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "पंचफुले, तू इथं कुठं गं? जयभीम." मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "जयभीम, काका."

विचार करून म्हटलं नाही. विचार करायला वेळ मिळाला असता तरी वेगळं काही म्हटलं नसतं. घरच्या माणसानं जयभीम म्हटल्यावर दुसरं काय म्हणतात?

कुणी वाईट बोललं नाही, हे खरं. एका बाईनं पदर आवरून घेतला. तिळगुळाचं ताट माझ्यापर्यंत आलं होतं, ते पुढच्या बाईकडं गेलं. काका मोळी खाली ठेवून मुकाट निघून गेले. सासूबाई म्हणाल्या, "बाई, बस असंल ना तुमची?" बसला अजून तासभर होता. मी तुझ्याकडं बघितलं. तू खाली बघत होतीस, हातातल्या हलव्याच्या बांगडीकडं. मी चप्पल घालेपर्यंत तू मान वर केली नाहीस.

दिनकरराव स्टँडपर्यंत माझ्याबरोबर आले.  बस लागली तेव्हा म्हणाले, "मनावर घेऊ नका. आई जुन्या वळणाची हाय." मी म्हटलं, "तुमच्या आईचं मला काही वाटलं नाही. त्या मला ओळखत नाहीत." त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं असावं.

तू खोटं बोललीस याचा मला राग नाही. मला त्या घरात आणायला तुला दुसरी वाट दिसली नाही, एवढंच. पण त्याच बाकावर मी तुला अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यातलं सांगितलं होतं. नामांतरावरून गावोगावी वस्त्यांवर काय चाललंय ते कानावर यायचं, आणि आमच्या वस्तीला काही झालं नाही तरी होईल या भीतीनं आम्ही बायकापोरं स्टेशनच्या मालधक्क्यावर झोपायचो. दादा कंदील घेऊन रुळाकडं तोंड करून बसायचे. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "माझ्या दारात तुला असं कधी बसावं लागणार नाही." मी तुला असं काही म्हणायला सांगितलं नव्हतं. तू आपणहून म्हणालीस.

हे सगळं लिहून झालं तरी राग येत नाही, याचाच मला राग येतो. परवा एका बशीत इतक्या सुंदर लाटा उठल्या की मी शेजारचं स्टूल ओढून घेतलं, तू बसायचीस तसं, आणि मग ते रिकामं स्टूल परत भिंतीला लावून ठेवलं. भुजंगराव गणित चांगलं करतील. पण ते शेंगा खात नाहीत, मध्येच हसत नाहीत, आणि 'हे माझं आहे' असं म्हणत नाहीत.

तू नको म्हणालीस तर मी काम त्यांच्याकडं देईन. पण तू म्हणाल्याशिवाय देणार नाही.

पंचफुला


परभणी
२३ जुलै १९८७

प्रिय रुख्मिणी,

सप्रेम जयभीम.

तुझा निरोप मिळाला. उशिरा मिळाला, त्याचं कारण तुला कळलं नसेल म्हणून आधी तेच लिहिते. तुझ्याकडून, लेकीला भेटून परत येताना अण्णा परभणीच्या स्टँडवर एसटीतून उतरताना पडले. पाय मोडला. काळजीचं काही नाही, प्लॅस्टर घातलंय. तुला मुद्दामच कळवलं नाही म्हणाले. परवाच्या रविवारी त्यांनी मला बोलावणं पाठवलं. मी गेले तर ते खाटेवर पाय लांब करून, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडले होते.

मला बघून उठून बसले आणि शाळेत पाठ म्हणतात तसं म्हणाले, "रुख्मीनं सांगितलंय, बंद झालेला कान आणि हरवलेला कान एक धरू नको. दोन पायऱ्या कर." मग मला विचारलं, "कोणाच्या कानाला झालंय काय? आपल्या ओळखीचा डॉक्टर हाय नानलपेठेत."

मी तोंड फिरवून डोळे पुसले. त्यांना वाटलं, दुखणं मोठं आहे. म्हणाले, "पोरी, सांगताना ती पण रडायली होती. मी म्हणलं, कानाच्या दुखण्याला काय रडतीस? तर म्हणे, अण्णा, तुम्ही फक्त असंच्या असं सांगा, शब्द बदलू नका. म्हणून आठवडाभर घोकायलोय."

म्हणजे तू माझी पत्रं वाचलीस. विचारही केलास. कुठं केलास गं? चुलीपुढं? कापूस वेचताना तर नाही, अजून वेळ आहे त्याला. मला ती जागा डोळ्यापुढं आणता येत नाही, आणि ती आणता यावी असं फार वाटतं.

सोमवारी सकाळी थंड खोलीत गेले. तू म्हणालीस तसंच केलं. हाक ऐकून कान नुसता मिटतो, ती पहिली पायरी. हाक थांबलीच नाही तर मिटलेला कान पेशीच्या आत ओढला जातो, ती दुसरी. मिटलेला लगेच उघडतो, आत गेलेल्याला पुन्हा वर यायला फार वेळ लागतो. तिसरं समीकरण लिहिलं. माझ्या सगळ्या मोजण्या एका बाजूला मांडल्या, आणि रुख्मे, रेघ त्यांच्यातून गेली. थोड्या वेळाच्याही आणि जास्त वेळाच्याही. भुजंगराव मागं उभे होते. म्हणाले, "हे मी केलं नसतं. मी तुमच्या प्रयोगात चूक शोधत बसलो असतो." मग थोडं थांबून म्हणाले, "सरांना सांगा, निबंधावर माझं नाव नको. पण त्या बाईंना आणा."

कारण काम संपलेलं नाही. तिसऱ्या समीकरणानं नव्या संख्या आणल्या. कान आत किती वेगानं जातो आणि वर किती वेगानं येतो, या दोन्ही माझ्या आत्ताच्या प्रयोगातून वेगळ्या निघत नाहीत. एक वाढवली आणि दुसरीही वाढवली तर रेघ तीच राहते. कुठला प्रयोग केला म्हणजे त्या सुट्या होतील ते आधी गणितानं सांगायला हवं, मग मी तो करायचा. हाक किती वेळ ठेवू, किती वेळा तोडून देऊ? हे निरोपानं होणार नाही. अण्णा कितीही चांगले घोकत असले तरी. त्याला तू आणि मी, एक फळा आणि दोन आठवडे लागतील. मग पुण्याला उत्तर द्यायला तू उभी राहायचं.

मी अण्णांना हे सगळं सांगितलं. कान कुणाचा ते सांगितलं, पुण्याचं सांगितलं. ते बराच वेळ प्लॅस्टरवर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "पंचमी आलीच. एरवी मीच जातो तिला आणायला, तशीच राहिली असती दोन-तीन आठवडे. पण आता हा पाय. मला पोरगा न्हाई. थोरलीचा नवरा औरंगाबादहून काय येणार? आणि माहेरचा मुराळी न्यायला गेल्याबिगर तिच्या सासूबाई, बायनाबाई, सुनंला धाडत नसतेत. एवढं रीतीचं त्यांचं पक्कं हाय."

मी म्हटलं, "मी जाते."

आत कपबश्यांचा आवाज येत होता, तो थांबला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "मुराळी भाऊ असतो."

"तिला नाही ना भाऊ."

"आडनाव इचारतील."

"सांगेन."

"संक्रांतीचं मला माहीत हाय," ते म्हणाले. "दिनकररावानंच सांगितलं. रुख्मीनं न्हाई सांगितलं." मग खिडकीकडं बघत राहिले. मला वाटलं आता नको म्हणतील, आणि मी नकार ऐकायची तयारी करून बसले होते. ते हळूच म्हणाले, "म्हातारपणी लोकायचं ऐकून घ्यायला मला फुरसतच फुरसत हाय. खाटंवर पडून दुसरं काय करू? जा तू. माझं नाव सांग."

आई, म्हणजे तुझ्या आई, सुमनबाई, आतून म्हणाल्या, "असं कसं जा? लोक काय म्हणतील?"  मी उठून उभी राहिले, चप्पल बघायला लागले. तेवढ्यात त्या बाहेर आल्या. हातात पितळेचा डबा होता. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मंगळवारी सकाळी ये आधी इकडं. लाडू ताजे करून देते. मुराळ्याला रिकाम्या हातानं धाडत नसतेत." डबा पदरानं पुसत परत आत गेल्या. रुख्मे, मी तुझ्या त्या घरी तीन वर्षं येत होते आणि त्यांनी मला चहा नेहमी तुझ्या हातून दिला. तू ते मला कधी दिसू दिलं नाहीस, पण मला दिसत होतं.

मी आईला चुडाव्याला जाऊन सगळं सांगितलं. कुंकवाचंही.  ती म्हणाली, "लावलंस, ते तुझं तू जाण. पण आता चाललीस तर ताठ जा. आन् त्या पोरीला घिऊनच ये, तिला बी वाटत असंल." दादांनी फक्त विचारलं, तुझ्या ताडकळसला दत्तरावला कळवू का. मी नको म्हटलं. त्यांना त्या दारात कामाला जायचं असतं. मला एक दिवस जायचं आहे, त्यांना रोज.

तर मी मंगळवारी सकाळच्या एसटीनं येते. हे पत्र सोमवारपर्यंत तुला मिळेल. दिनकरराव, तुम्ही हे आधी वाचत असाल तर आईंना आजच सांगा, अण्णांनी, म्हणजे माणिकरावांनी, मुराळी पाठवलाय, आणि कोण येणार तेही सांगा. माझं नाव खाली पूर्ण लिहिते, विचारायची वेळ त्यांच्यावर यायला नको. मी दारात उभी राहून जयभीम म्हणेन, मग अण्णांचा निरोप सांगेन, मग डबा देईन. बसा म्हणाल्या तर बसेन. नाही म्हणाल्या तर अंगणात थांबेन, पुढच्या बसपर्यंत.

रुख्मिणी, तू येशील की नाही ते मला माहीत नाही. तुझ्या घरात तुला उद्याही राहायचं आहे, मला नाही, हे मी विसरलेली नाही. तू नाही म्हणालीस तरी निबंधावर तुझं नाव राहील, भुजंगराव आणि मी तसं ठरवलंय, आणि पुण्याला गणितावर कुणी विचारलं तर मला जेवढं येतं तेवढं सांगून मी म्हणेन, बाकीचं जिला येतं ती इथं नाही. मला ते म्हणायचं नाहीये. पण म्हणेन.

तुझ्याकडं मी एकच मागते. त्या दिवशी मी दारात आले की मान खाली घालू नकोस. यायचं असेल तर ये. यायचं नसेल तर नाही म्हण, पण माझ्याकडं बघून म्हण. तुझा चेहरा बघून मला सहा महिने झाले आहेत.

तुला न्यायला येणारी,
पंचफुला सिताराम खंदारे
मु. पो. चुडावा